ओडूची कस्टम मॉड्यूल्स व्हीएममधून बाहेर काढताना

क्लायंट म्हणजे शिरोली एमआयडीसीतली एक मध्यम आकाराची फाउंड्री. ओतकाम करायचं, माल मशीनिंगला बाहेर जॉबवर्कला पाठवायचा, परत आला की गिऱ्हाईकाला डिस्पॅच, असं काम. त्यांच्याकडे ओडूची (स्टॉक, विक्री, हिशेब असा धंद्याचा कारभार सांभाळणारं सॉफ्टवेअर) १४ व्या व्हर्जनची कम्युनिटी, म्हणजे फुकट मिळणारी, एडिशन चालू होती, आधीच्या एका एजन्सीने बसवून दिलेली. ती एजन्सी बंद झाली (भांडण वगैरे काही नाही, माणसं पांगली) आणि जाताना हँडओव्हर म्हणून एका पोर्टेबल हार्डडिस्कवर व्हर्च्युअलबॉक्सची ओव्हीए फाईल (अख्खी व्हर्च्युअल मशीन, म्हणजे कॉम्प्युटरच्या आत चालणारा दुसरा कॉम्प्युटर, थोडक्यात व्हीएम, एका फाईलमध्ये बांधलेली) ठेवून गेली, सोबत एक कागद, त्यावर युजरनेम, पासवर्ड आणि "सगळं यात आहे" एवढंच.

खोटं नव्हतं ते. फाईल इम्पोर्ट केली, व्हीएम चालू केली, ब्राउझरमध्ये ८०६९ पोर्ट उघडलं तर लॉगिनचं पान हजर, आत हीट नंबर (भट्टीच्या प्रत्येक घाण्याचा नंबर) आहेत, जॉबवर्कची चलनं आहेत, वजनकाट्याचं बटण आहे, सगळं आहे. पण कुठे आहे ते कुणालाच माहीत नाही. कस्टम कोडसाठी वेगळं फोल्डर नाही, गिट (कोडच्या बदलांचा इतिहास ठेवणारं टूल) नाही, ओडूच्या मूळ ॲडऑन्सच्या, म्हणजे एकेका कामासाठी जोडायच्या मॉड्यूल्सच्या, फोल्डरमध्ये त्यांची स्वतःची मॉड्यूल्स शेकडो ओरिजिनल मॉड्यूल्सच्या गर्दीत टाकलेली, आणि मूळ मॉड्यूल्सच्या फायलींमध्येही कुठेकुठे हात मारलेला. म्हणजे ही व्हीएम एक दिवस उघडली नाही तर क्लायंटच्या चार वर्षांच्या कामाचा सोर्स कोड कुठेच नाही, अशी परिस्थिती. साहेबांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "अहो पण चालतंय की."

चालत होतंच. पण पुढचं प्रत्येक काम त्या एका व्हीएममध्ये घुसून करायचं आणि मग तीच व्हीएम झिप करून एकमेकांना पाठवायची हे मला जमणारं नव्हतं, म्हणून आधी मॉड्यूल्स बाहेर काढायची, मग व्हीएम अशी करायची की कधीही उडवली तरी रडू येऊ नये, असं ठरवलं.

पहिला प्रश्न साधा होता पण उत्तर साधं नव्हतं: यातलं कस्टम काय? ओडूमध्ये इन्स्टॉल झालेल्या मॉड्यूल्सची नोंद डेटाबेसमध्ये आयआर मॉड्यूल मॉड्यूल नावाच्या टेबलात असते (नाव असं दोनदाच आहे), त्यात ऑथरचा कॉलम आहे, तर वाटलं ऑथर ओडू नसलेली सगळी काढली की झालं. पण मॅनिफेस्ट फाईलमध्ये (मॉड्यूलची ओळख लिहिलेली फाईल) ऑथर लिहिलाच नसेल तर ओडू तिथे आपलंच नाव टाकतं, आणि आधीच्या मंडळींनी निम्म्या ठिकाणी ऑथर लिहिलेला नव्हता. म्हणजे जॉबवर्क चलनाचं मॉड्यूल कागदोपत्री बेल्जियममध्ये (ओडू कंपनी तिथली) बनलेलं.

मग दुसरा रस्ता, मूळ सोर्सशी डिफ, म्हणजे ओळीओळीने फरक काढणं. गिटहबवरून १४ ची ब्रांच (त्या व्हर्जनच्या कोडची शाखा) घेतली आणि दोन्ही फोल्डर एकमेकांशी ताडून बघितले तर फरकांचा पाऊस. कारण उघड आहे, ती ब्रांच रिलीज झाल्यावरही बगफिक्स घेत राहते, ऑक्टोबर २०२० ला १४ आलं त्यानंतर तीन वर्षं त्यात रोज काही ना काही पडत होतं, त्यामुळे आजचा सोर्स आणि त्यांचा तेव्हाचा सोर्स यात हजारो ओळींचा फरक निघणारच. सुदैवाने त्यांनी ओडू नाईटली (रोज आपोआप बनणाऱ्या) पॅकेजमधून बसवलं होतं आणि नाईटलीच्या व्हर्जन नंबरमध्येच तारीख असते. ती तारीख घेतली, गिटला विचारलं की या तारखेच्या आधीचा शेवटचा कमिट (नोंदवलेला बदल) कोणता, तो चेकआउट केला आणि परत डिफ. यासाठी पूर्ण हिस्टरीसकट क्लोन (कोडची कॉपी) लागतो, डेप्थ एक लावून, म्हणजे फक्त शेवटचा कमिट, घेतलेला चालत नाही, आणि ओडूचा पूर्ण क्लोन काही जीबीचा आहे, तेव्हा चहा घेऊन यावा. पण त्यानंतर यादी एकदम स्वच्छ आली. वेगळी फोल्डर्स म्हणजे त्यांची मॉड्यूल्स, आणि मूळ फायलींमधले मोजके बदल.

मूळ फायलींतले बदल बघून मात्र थोडं चिडायला झालं. डिलिव्हरी स्लिपच्या टेम्प्लेटमध्ये थेट हीट नंबरचा कॉलम घुसवलेला. स्टॉकच्या मॉड्यूलमध्ये व्हॅलिडेट बटणाच्या फंक्शनमधली एक तपासणी चक्क कमेंट केलेली, वर एक शब्दाचं स्पष्टीकरण नाही. ओडूमध्ये हे करायची अजिबात गरज नसते, टेम्प्लेट इनहेरिट करून (मूळ फाईल न बदलता तिच्यावर आपला थर चढवून) एक्सपाथने, म्हणजे जागेचा पत्ता देऊन, पाहिजे तिथे कॉलम टाकता येतो, पायथनमध्ये मॉडेल इनहेरिट करून फंक्शन ओव्हरराइड करता येतं आणि सुपर बोलावून मूळ वागणूक तशीच ठेवता येते. तेच केलं, "फाउंड्री बेस" नावाचं एक मॉड्यूल काढलं आणि हे सगळे हातमार त्यात नीट बसवले. कमेंट केलेली तपासणी कशासाठी काढली होती हे स्टोअरच्या माणसाला विचारल्यावर कळलं, मशीनिंगहून माल तुकड्यातुकड्यात परत येतो आणि ती तपासणी अडवायची. म्हणजे कारण बरोबर होतं.

आणि इतकं करूनही काही गोष्टी कोडमध्ये सापडेनातच. पार्टीच्या फॉर्मवर "ट्रान्सपोर्टचा रूट" असं एक फील्ड दिसत होतं, पण सगळ्या फायलींमध्ये शोधलं तर कुठेच नाही. ही फील्ड्स डेव्हलपर मोड चालू करून स्क्रीनवरूनच बनवलेली होती, त्यांची नावं एक्स अंडरस्कोअरने सुरू होतात आणि फील्ड्सच्या टेबलात त्यांचं स्टेट मॅन्युअल असतं. म्हणजे ती कोडमध्ये नाहीतच, फक्त डेटाबेसमध्ये राहतात. व्ह्यूंचंही, म्हणजे स्क्रीनच्या मांडणीच्या नोंदींचंही, तसंच, स्क्रीनवरून एडिट केलेला व्ह्यू डेटाबेसमध्ये बदलतो, एक्सएमएल फाईल जुनीच राहते.

याच्यावरून पुढे एक गंमत झाली. मी बाहेर काढलेलं काट्याचं मॉड्यूल पहिल्यांदा अपग्रेड केलं आणि चाचणीला दिलं, थोड्या वेळात साहेबांचा फोन, "अहो, ते काट्याचं बटण गायब झालंय बघा." बटण कुणीतरी कधीतरी स्क्रीनवरून व्ह्यूमध्ये टाकलं होतं, अपग्रेडने फाईलमधला व्ह्यू डेटाबेसवर चढवला आणि स्क्रीनवरचा बदल पुसला गेला. ओडू व्ह्यूच्या नोंदीत "आर्किटेक्चर बदललेलं आहे" असा एक फ्लॅग ठेवतं, तो लावून शोधलं तर असे अजून बरेच व्ह्यू निघाले. ते एकेक करून फायलींमध्ये आणले, एक्स अंडरस्कोअरवाल्या फील्ड्ससाठी कोडमध्ये नीट नावाची फील्ड्स बनवली आणि जुन्यातला डेटा मायग्रेशन स्क्रिप्टने नव्यात ओतला.

इथे मला जी गोष्ट पक्की कळली तीच या सगळ्या लेखाचा गाभा आहे असं समजा. मॉड्यूल म्हणजे फोल्डर नाही. एक मॉड्यूल एकाच वेळी तीन ठिकाणी राहतं: फायलींमध्ये, डेटाबेसमध्ये, आणि तिसरं ज्याच्याकडे कुणी बघत नाही ते म्हणजे व्हीएमच्या सिस्टममध्ये, पायथनच्या लायब्ऱ्या, फॉन्ट, पीडीएफ बनवणारा प्रोग्राम, सिरियल पोर्टची परवानगी. काही बिघडलं की आधी विचारायचं, या तिघांपैकी मागे कोण राहिलंय? नव्वद टक्के वेळा उत्तर तिथेच असतं.

आता नवीन व्हीएम. व्हेग्रंट (स्क्रिप्टवरून व्हीएम बनवून देणारं टूल) घेतलं, खाली व्हर्च्युअलबॉक्सच. डॉकर (व्हीएमऐवजी हलक्या कंटेनरमध्ये प्रोग्राम चालवणारं टूल) का नाही असं विचारणारे असतात (माझा भाऊच विचारतो), तर डॉकर चांगलंच आहे पण क्लायंटचा खरा सर्व्हर साधा उबंटू आहे, सिस्टमडीवर सर्व्हिस चालते, सिरियल पोर्टला काट्याची वायर आहे, आणि मला डेव्हलपमेंटला शक्य तितकं तसंच मशीन हवं होतं. उबंटू २०.०४ चा बॉक्स (व्हेग्रंटसाठीची तयार व्हीएम) घेतला, २२.०४ मुद्दाम नाही, कारण त्यात पायथन ३.१० येतं आणि ओडू १४ च्या रिक्वायरमेंट्समधल्या जुन्या जीइव्हेंट वगैरे लायब्ऱ्या त्यावर बांधताना छळतात. जाता जाता, २४.०४ पासून उबंटूवाल्या कॅनोनिकलने व्हेग्रंटचे अधिकृत उबंटू बॉक्स काढणं बंद केलंय, व्हेग्रंट बनवणाऱ्या हॅशिकॉर्पने ऑगस्ट २०२३ मध्ये लायसन्स बदललं त्यानंतर, तेव्हा नवीन काही करणार असाल तर बेंटो या प्रकल्पाचे बॉक्स बघा.

मांडणी अशी ठेवली की ओडूचा मूळ सोर्स व्हीएमच्या आत, ऑप्ट फोल्डरमध्ये, त्याला कुणी हात लावायचा नाही. आमची मॉड्यूल्स माझ्या लॅपटॉपवर एका गिट रेपोत, आणि ते फोल्डर शेअर्ड फोल्डर म्हणून व्हीएमला दिसतं. ओसीएची, म्हणजे ओडू कम्युनिटी असोसिएशनची, जी दोनचार मॉड्यूल्स वापरतो ती त्याच रेपोत सबमॉड्यूल म्हणून, ठराविक कमिटवर पिन केलेली. मग ओडूच्या कॉन्फिग फाईलमध्ये ॲडऑन्स पाथ लिहायचा, आणि तिथे क्रम महत्त्वाचा, कारण एकाच नावाचं मॉड्यूल दोन पाथमध्ये असेल तर आधी सापडेल ते उचललं जातं आणि दुसऱ्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. तुम्ही एका फोल्डरमधली फाईल बदलत बसता आणि चालत असते भलतीच. म्हणून जुन्या जागची कॉपी ठेवायची नाही, "असू दे बॅकअपला" म्हणूनसुद्धा नाही.

पोस्टग्रेसचा (ओडू वापरतं तो डेटाबेस) डेटा शेअर्ड फोल्डरमध्ये ठेवायचा मोह कुणाला झाला तर आवरा, तो व्हीएमच्या आतच राहू दे. परवानग्या आणि फाईल लॉकिंगच्या भानगडी तिथे निस्तरत बसावं लागतं.

शेअर्ड फोल्डरचं एक दुखणं मात्र आहे. ओडूला डेव्ह रिलोड असा मोड आहे, फाईल सेव्ह केली की सर्व्हर आपोआप रिस्टार्ट होतो, पण तो आयनोटिफायवर (फाईल बदलली की लिनक्स देतं ती सूचना) चालतो आणि व्हर्च्युअलबॉक्सच्या शेअर्ड फोल्डरमध्ये होस्टच्या, म्हणजे लॅपटॉपच्या, बाजूने बदललेल्या फायलींचे इव्हेंट आत पोचतच नाहीत. तुम्ही सेव्ह करता, आत शांतता. आरसिंक पद्धतीचं (फायलींच्या प्रती आत पाठवणारं) फोल्डर घेऊन आरसिंक ऑटो चालू ठेवता येतं, पण ते एकाच दिशेने जातं आणि टर्मिनलची एक खिडकी कायम अडकते, तर मी सरळ एडिटरमध्ये एका कीला "व्हीएममधली ओडू सर्व्हिस रिस्टार्ट कर" ही कमांड बांधून टाकली. दाबायचं, चार सेकंद थांबायचं, झालं.

विंडोजवाल्यांसाठी अजून एक. रेपो विंडोजवर क्लोन केला की गिट कधीकधी ओळींचे शेवट बदलतं आणि मग प्रोव्हिजन स्क्रिप्ट (नव्या व्हीएममध्ये सगळं बसवणारी) लिनक्समध्ये "बॅड इंटरप्रिटर" म्हणत बसते. गिट ॲट्रिब्यूट्स फाईलमध्ये शेल स्क्रिप्टसाठी एलएफ (लिनक्सचा ओळीचा शेवट) सक्तीचं करून टाका, विषय संपला.

आता रोजचं काम, ज्यात नवीन पोरांचा सगळ्यात जास्त वेळ जातो: काय बदललं की काय करायचं. आमच्याकडे आलेला नवीन मुलगा पहिल्या आठवड्यात प्रत्येक बदलाला सगळंच अपग्रेड करायचा, म्हणजे बेस मॉड्यूलला यू (कमांडमधला अपग्रेडचा पर्याय) लावायचा, आणि सगळी मॉड्यूल्स बेसवरच उभी असल्यामुळे अख्खं ओडू अपग्रेड होत बसायचं. त्याला बसवून सांगितलं. फंक्शनच्या आतला पायथन बदलला, नुसता रिस्टार्ट पुरे. एक्सएमएल व्ह्यू बदलला, रिस्टार्टने काहीही होणार नाही कारण व्ह्यू डेटाबेसमधून वाचला जातो, मॉड्यूलला यू लावून अपग्रेड करायलाच पाहिजे, नाहीतर डेव्ह एक्सएमएल मोड लाव, मग तो थेट फाईलमधून वाचतो. ॲक्सेस राइट्सची सीएसव्ही बदलली, अपग्रेड. नवीन मॉड्यूल बनवलं, तर रिस्टार्ट, मग डेव्हलपर मोडमध्ये ॲप्सची यादी अपडेट, तेव्हा कुठे ते दिसतं, आणि तरी दिसलं नाही तर मॅनिफेस्टमध्ये कॉमा राहिलाय का बघ किंवा सर्चमधला "ॲप्स" फिल्टर काढ.

"दादा, आणि नवीन फील्ड?" नवीन फील्डला दोन्ही. कारण रिस्टार्ट झाल्यावर पायथनला वाटतं कॉलम आहे, डेटाबेसमध्ये तो अजून नाही, आणि मग लाल अक्षरात "कॉलम डझ नॉट एक्झिस्ट". साध्या मॉडेलवर असेल तर तो एक स्क्रीन पडतो, पण तेच फील्ड पार्टनरच्या किंवा युजरच्या मॉडेलवर असेल तर लॉगिनसुद्धा होत नाही आणि बघणाऱ्याला वाटतं अख्खं ओडू मेलं. मेलेलं नसतं, टर्मिनलवरून यू लावून अपग्रेड केलं की उठून बसतं.

पुढे आम्ही क्लिक ओडू अपडेट नावाचं छोटं टूल घेतलं, ॲकसोन या बेल्जियमच्याच कंपनीच्या लोकांचं. ते प्रत्येक मॉड्यूलच्या फायलींचा चेकसम डेटाबेसमध्ये ठेवतं आणि जी बदललीत तेवढीच अपग्रेड करतं. ते आल्यापासून "काय अपग्रेड करू" हा प्रश्न बराचसा मिटला, तरी वरचं समजून घेणं सुटत नाही कारण एरर वाचायचा तर तुम्हालाच.

डेटाचं बोलायचं तर क्लायंटच्या खऱ्या डेटाबेसची कॉपी व्हीएममध्ये आणणं हे सगळ्यात धोक्याचं काम. कॉपी म्हणजे सगळंच येतं, मेल सर्व्हरचे पासवर्ड, शेड्यूल्ड ॲक्शन्स, सगळं, आणि व्हीएम चालू झाल्या झाल्या ती बिचारी इमानदारीत गिऱ्हाईकांना थकबाकीची मेल पाठवायला लागते. ओडू १६ पासून हे सगळं बंद करणारी न्यूट्रलाइज अशी तयार कमांड आहे, १४ ला नाही, त्यामुळे आमची एक एसक्यूएल फाईल आहे जी बाहेर जाणारे मेल सर्व्हर, मेल आणणारे सर्व्हर आणि सगळे क्रॉन (म्हणजे त्या शेड्यूल्ड ॲक्शन्स) बंद करते, आणि ती रिस्टोरनंतर, ओडू चालू करायच्या आधी चालते. हा क्रम स्क्रिप्टमध्येच बांधलाय, कुणाच्या लक्षात राहण्यावर ठेवलेला नाही. शिवाय डेटाबेसच्या डंपसोबत (कॉपीसोबत) फाईलस्टोअर आणायला लागतं, अटॅचमेंट डेटाबेसमध्ये नसतात, वेगळ्या फोल्डरमध्ये असतात. ते आणलं नाही तर फोटो तर जातातच, पण स्टाईलशीटही अटॅचमेंट म्हणूनच साठवलेल्या असल्यामुळे लॉगिन केल्यावर विस्कटलेलं उघडंबोडकं पान दिसतं. स्टाईलशीटच्या (असेटच्या) त्या नोंदी उडवल्या की ओडू त्या परत बनवतं.

स्नॅपशॉटबद्दल (व्हीएमची त्या क्षणाची जपून ठेवलेली अवस्था) थोडं सविस्तर, कारण हे व्हीएमचं खरं सुख आहे. मायग्रेशन स्क्रिप्ट लिहिताना, समजा "वजन" फील्डचं नाव बदलून "एकूण वजन" करायचंय, ओडूला नाव बदललं हे कळत नाही, त्याच्या दृष्टीने जुनं फील्ड गेलं आणि नवीन रिकामं आलं, अपग्रेडच्या शेवटी जुना कॉलम डेटासकट उडतो. म्हणून मॉड्यूलच्या मायग्रेशन्स फोल्डरमध्ये नवीन व्हर्जन नंबरच्या नावाने एक फोल्डर, त्यात प्री ने सुरू होणारी स्क्रिप्ट, जी एसक्यूएलने कॉलमचं नाव आधीच बदलून ठेवते. आणि मॅनिफेस्टमधला व्हर्जन नंबर वाढवायचा, तो वाढवला नाही तर स्क्रिप्ट चालतच नाही, एरर नाही, काही नाही. हे पहिल्या फटक्यात कधी नीट होत नाही. तर स्नॅपशॉट घ्यायचा, अपग्रेड चालवायचं, फसलं की रिस्टोर, स्क्रिप्ट सुधारायची, परत. मौज अशी की स्नॅपशॉट व्हीएमच्या डिस्कचा असतो आणि आमचा कोड शेअर्ड फोल्डरमध्ये, म्हणजे होस्टवर, त्यामुळे रिस्टोर केल्यावर डेटाबेस जुना होतो आणि कोड नवाच राहतो. मायग्रेशनसाठी हे अगदी पाहिजे तसंच. पण तोच स्नॅपशॉट महिन्याने कुणी रिस्टोर केला की जुना डेटाबेस आणि पुढे गेलेला कोड यांची गाठ पडते आणि परत तोच "कॉलम नाही"चा तमाशा, म्हणून स्नॅपशॉटच्या नावात गिट कमिटचे पहिले सात अक्षर टाकतो.

तिसऱ्या जागेचं, म्हणजे सिस्टमचं, राहिलं. जुन्या व्हीएममध्ये कुणी काय काय हाताने बसवलं होतं हे शोधायला पिप फ्रीझची (बसवलेल्या पायथन लायब्ऱ्यांची) यादी ओडूच्या रिक्वायरमेंट्स फाईलशी ताडली. ओपनपायएक्सएल निघालं, गिऱ्हाईकांकडून एक्सेलमध्ये येणारं शेड्यूल वाचणाऱ्या मॉड्यूलला लागायचं. मॅनिफेस्टमध्ये एक्स्टर्नल डिपेंडन्सीज म्हणून लिहायची सोय आहे, लिहिलं तर इन्स्टॉल करतानाच ओडू सरळ सांगतं की ही लायब्ररी नाही, न लिहिता पायथनमध्ये इम्पोर्ट करून ठेवलं तर सर्व्हर उठताना आडवा पडतो. आता दोन्हीकडे लिहिलंय, मॅनिफेस्टमध्येही आणि प्रोव्हिजन स्क्रिप्टमध्येही.

पीडीएफने मात्र घाम काढला. चलनावर हेडर फूटर येईना, कारण उबंटूच्या रेपोतला डब्ल्यूके एचटीएमएल टू पीडीएफ (पीडीएफ बनवणारा प्रोग्राम) पॅच केलेल्या क्यूटी लायब्ररीशिवाय असतो आणि हेडर फूटरला तो पॅच लागतो, तेव्हा त्यांच्या रिलीजमधलं ०.१२.५ चं पॅकेज बसवलं. मग हेडर आला पण मराठी मजकुराच्या जागी चौकोन. जॉबवर्क चलनाची एक प्रत टेम्पोवाल्याकडे जाते, ती मराठीत असते, "माल परत करण्याची तारीख" वगैरे, आणि नव्या व्हीएममध्ये देवनागरी फॉन्टच नव्हता. स्क्रीनवर नीट दिसत होतं कारण ब्राउझर माझ्या लॅपटॉपचे फॉन्ट वापरतो, पीडीएफ व्हीएमच्या आत बनते. लोहित देवनागरी बसवला, एफसी लिस्टमध्ये (फॉन्टच्या यादीत) दिसला, चौकोन गेले.

तरी रंग, बॉर्डर, काही नाही, नुसता मजकूर. याला सगळ्यात जास्त वेळ गेला. माझ्या लॅपटॉपवर ८०६९ आधीच दुसऱ्या प्रोजेक्टने घेतलेलं, म्हणून व्हेग्रंटमध्ये ८०७० वर फॉरवर्ड केलं होतं. ॲडमिन लॉगिन झाला की ओडू वेब बेस यूआरएल, म्हणजे स्वतःचा पत्ता, आपोआप लिहितं, ते झालं लोकलहोस्ट ८०७०. पीडीएफ बनवणारा प्रोग्राम व्हीएमच्या आतून स्टाईलशीट मागायला त्याच पत्त्यावर जातो, आणि आतमध्ये ८०७० वर कुणीच बसलेलं नाही, आत तर ओडू ८०६९ वरच आहे. सिस्टम पॅरामीटर्समध्ये रिपोर्ट डॉट यूआरएल अशी नोंद करून तिथे आतला पत्ता, १२७.०.०.१ आणि ८०६९, दिला की लगेच सगळं रंगीत. पोर्ट फॉरवर्ड करणाऱ्या कुणालाही हे होऊ शकतं, आणि लॉगमध्ये त्याचा मागमूस फारसा नसतो.

काट्यासाठी व्हर्च्युअलबॉक्समध्ये सिरियल पोर्ट चालू करून होस्टचा कॉम पोर्ट जोडता येतो आणि युजर डायलआउट ग्रुपमध्ये (सिरियल पोर्टची परवानगी असलेल्या) टाकावा लागतो, पण माझ्या घरी वजनकाटा नाही, तर सोकॅट या टूलने दोन खोटे पोर्ट एकमेकांना जोडले आणि एका बाजूने स्क्रिप्टने वजनं ढकलत राहिलो. काट्याचा इंडिकेटर सतत साधा टेक्स्ट पाठवत असतो, त्यातला एखादा तुकडा अर्धवट वाचला जातो आणि १२४५० च्या जागी २४५० दिसतं, ही खरी जागेवरची तक्रार होती, ती इथे खुर्चीत बसून पकडता आली. पूर्ण ओळ आल्याशिवाय आकडा घ्यायचाच नाही, आणि लागोपाठच्या ओळी सारख्या आल्या तरच वजन स्थिर मानायचं, असा बदल केला.

मग क्लायंटच्या खऱ्या सर्व्हरवर हेच. शिफ्ट सुटल्यावर गेलो, बॅकअप घेतला, मूळ ओडू फोल्डर बाजूला करून स्वच्छ सोर्स टाकला, आमचा रेपो क्लोन केला, ॲडऑन्स पाथ बदलला, त्याच प्रोव्हिजन स्क्रिप्टचा सिस्टमचा भाग चालवला, अपग्रेड. व्हीएममध्ये इतक्या वेळा झालेलं होतं की तिथे विशेष काही घडलंच नाही. स्टोअरवाल्याने एक चलन काढून बघितलं, म्हणाला, "मार्जिन जरा कमी झालंय का?" झालं होतं. पेपर फॉरमॅट स्क्रीनवरून बदललेला होता, तोही मग डेटा फाईलमध्ये आणला, नोअपडेट लावून, म्हणजे पुढच्या अपग्रेडला त्यांनी परत बदललेलं पुसलं जाणार नाही.

आता १४ वरून वर नेण्याचं काम चाललंय. ओसीएचं ओपनअपग्रेड वापरतोय, ते एका वेळी एकच व्हर्जन चढतं, म्हणून १५ ची वेगळी व्हीएम, १६ ची वेगळी, रेपो एकच आणि ब्रांचा वेगळ्या. हीट आणि चलनाची मॉड्यूल्स १५ वर बसली. काट्याचं राहिलंय, कारण त्यात जावास्क्रिप्ट आहे आणि १५ पासून त्या फायली एक्सएमएल टेम्प्लेटमधून नाही तर मॅनिफेस्टमधल्या असेट्सखाली नोंदवायच्या असतात, शिवाय १६ ला तो विजेट आउलमध्ये (ओडूच्या नव्या स्क्रीन फ्रेमवर्कमध्ये) नव्याने लिहावा लागणार तर १५ साठी उगीच कशाला दोनदा मेहनत, म्हणून १५ च्या व्हीएममध्ये सध्या वजन हातानेच टाईप करतोय.